जुने कपडे, जुने देणे

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामात जुन्या कपड्यांची गाठोडी जमू लागतात. चौथ्या रविवारच्या मिस्सेनंतर ती एका टेम्पोत भरली जातात आणि टेम्पो डोंगराकडे निघतो. हा परिपाठ कित्येक वर्षांचा आहे. गाठोडी आम्ही दरवर्षी देत आलो. टेम्पोबरोबर जाण्याचा योग मात्र नुकताच प्रथम आला. विक्रमगड तालुक्यात, सूर्या नदीवरील धामणी धरणापासून फार दूर नसलेल्या एका वारली पाड्यावर आम्ही दहा-बारा जण पोहोचलो, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन अंगावर येऊ लागले होते.

गाठोडी सोडल्यावर आमची आम्हांलाच थोडी लाज वाटली. त्यांत एखाद्या लग्नात एकदाच नेसलेली जरीची साडी होती, इंग्रजी शाळेचा लोकरी ब्लेझर होता, टाच तुटलेले बूट होते. मार्च महिन्यात, डोंगरातल्या पाड्यावर, लोकरी ब्लेझर! देणाऱ्याने आपले कपाट रिकामे केले होते. घेणाऱ्याचा विचार गाठोडे बांधताना कोणाच्या मनात आला नव्हता. तरीही बाया शांतपणे रांगेत उभ्या होत्या. एका आजीने नातवासाठी सदरा निवडला, उलटासुलटा करून पाहिला आणि जाता जाता आम्हांला विचारले, ''आमच्या धरनाचं पानी तुमच्याकडं येतं ना? गोड लागतं का?''

येते, आणि गोड लागते, असे आम्ही सांगितले. ''मग बरं,'' असे म्हणून तिने सदरा कमरेला खोचला, हंडा उचलला आणि ती खालच्या झऱ्याकडे चालू लागली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी, तसा तिचा सूर होता. जलाशय तेथून दिसत होता.

परतीच्या वाटेवर टेम्पोत नेहमीचीच बोलणी झाली. ''गरीब आहेत, पण समाधानी आहेत,'' असे कोणी म्हणाले. ''दारू सोडली तर वर येतील,'' असे दुसरे कोणी म्हणाले. ''सरकार एवढे करते, पण यांनाच काही नको असते,'' हेही झाले. ही वाक्ये आम्हीही आयुष्यात अनेकदा उच्चारलेली आहेत, तेव्हा बोलणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्या दिवशी ती ऐकवेनात. सकाळी आपण जे केले त्याला दान म्हणायचे की आणखी काही, हा प्रश्न मनात घर करून बसला. त्याचा शोध घेता घेता आम्ही शे-दीडशे वर्षे मागे गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याचे किनाऱ्याकडचे तोंड आणि डोंगराकडची पाठ ही दोन वेगळी जगे आहेत. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत दहांतील नऊ माणसे आदिवासी आहेत. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि तरी होळीनंतर तेथील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तो पुन्हा हादरला. दोन हादऱ्यांच्या मधल्या काळात आपण काय करीत होतो, हे ज्याने त्याने आठवावे.

या दारिद्र्याचे कारण भूगोल आहे, असे सांगितले जाते. ते अगदीच खोटे नाही. काळा कातळ पाणी धरीत नाही, उताराची माती पावसाबरोबर वाहून जाते. पण याच उतारांवर वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी पिढ्यानपिढ्या जगत आले होते. झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण जमिनीवर पसरून ते जाळायचे, त्या राखेत भाताची किंवा नाचणीची रोपे वाढवायची आणि मग ती लावायची, ही राबाची पद्धत. मोहाची फुले, कंदमुळे, मध, रानभाज्या, ओहोळातले मासे यांवर उरलेले वर्ष निघे. त्यात सुबत्ता नव्हती. कोणी त्याचे स्वप्नरंजन करू नये. पण त्या जगण्यात सावकार आवश्यक नव्हता.

तो आवश्यक कसा झाला? १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची वर्गवारी झाली, राखीव वने आखली गेली. ज्या फांद्यांवर राब अवलंबून होता त्या आता सरकारच्या झाल्या. जो कालपर्यंत हक्क होता ती आज सवलत ठरली, आणि सवलत कधीही काढून घेता येते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. आयोग नेमला गेला, अहवाल झाला; पण आखलेली रेघ रेघच राहिली. त्याच सुमारास अबकारीचे कायदे आले. ताडाच्या झाडावर कर बसला, घरी गाळलेली दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर ठरली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच कायद्याने बंधन आले. मोहाचे फूल दुष्काळात खाण्याचे अन्नही होते, हे त्या कायद्याच्या हिशेबात नव्हते. आदिवासी दारू पितो म्हणून गरीब आहे असे जे आपण सहज म्हणतो, त्यामागे ही गोष्ट आहे. तो दारू आधीही पीत होता. फरक इतकाच पडला की आता ती रोख पैसे देऊन किंवा खात्यावर लिहून प्यावी लागू लागली, आणि ज्याच्या वहीत ते खाते होते त्याच्या नावावर हळूहळू जमीन चढू लागली.

शेतसारा रोखीने भरायचा, मीठ-कापड रोखीने घ्यायचे, आणि जंगल बंद. मग पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला ती दीडपटीने, दुपटीने फेडायची. फिटली नाही की जमीन त्याची आणि आपण तिच्यावर कूळ. कूळ झाले की वेठ आलीच: मालकाच्या शेतावर आधी नांगर, मालकाच्या घरचे सरपण, मालकाचे छप्पर शाकारणे, सारे फुकट. ज्या तरुणाला लग्नासाठी कर्ज घ्यावे लागे तो 'लग्नगडी' होई. म्हणजे तो आणि त्याची नवी नवरी दोघेही मालकाच्या दारी राबायला बांधली जात, पुष्कळदा आयुष्यभरासाठी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन नावाच्या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासी भागांची चौकशी करून हे सारे सरकारी कागदावर लिहून ठेवले आहे. हे कोणा चळवळ्याचे भाषण नव्हे. ज्या सरकारने हे घडू दिले त्याच सरकारच्या अधिकाऱ्याची ती साक्ष आहे. आणि यातील बहुतेक गोष्टी कायद्याने झाल्या. दस्त होते, अंगठे होते, शिक्के होते. चोरी कोठेच झाली नव्हती!

जव्हारचे संस्थान महादेव कोळी राजघराण्याचे होते. १९४८ पर्यंत ते टिकले. म्हणजे राजा आपला असला की रयतेचे दैन्य संपते, असेही नाही. असो.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तेथे आहे. १८६४ मध्ये सुरतेहून निघालेला लोहमार्ग मुंबईला येऊन मिळाला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी सुटली. वसईच्या वाड्यांचे भाग्य या गाडीने बदलले. आपली केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. रहाटाच्या पाण्यावर आणि घामावर घरे उभी राहिली, मुले शिकली, देवळांच्या घंटा बदलल्या. आपल्या पूर्वजांच्या कष्टांत कोठेही खोट नव्हती. पण त्याच गाडीने डोंगरातून काय नेले? रुळांखालचे लाकूड नेले, मुंबईच्या चुलींसाठी कोळसा आणि सरपण नेले, मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत नेले. त्या गवताची कुरणे सावकार-जमीनदारांची होती आणि ते कापणारे हात वारल्यांचे. एकच शिट्टी, एकच रूळ. आपल्याला बाजारपेठ मिळाली आणि त्यांच्या डोंगराला ग्राहक मिळाला. ज्याच्या हाती जमीन आहे त्याला बाजार वर नेतो, ज्याच्या हातून ती सुटली आहे त्याला तोच बाजार पिळून काढतो. कष्ट दोघांचेही सारखेच असतात. आपल्या भरभराटीचे सारे श्रेय आपल्या उद्योगीपणाला आणि त्यांच्या दैन्याचा सारा दोष त्यांच्या आळसाला देताना आपण ही शिट्टी विसरतो.

त्याच १८९२ साली, मोहाच्या फुलांवर बंदी आली त्या वर्षी, तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. नंतर वैतरणेवर मोडक सागर झाले, ऊर्ध्व वैतरणा झाले, भातसा झाले, २०१४ मध्ये मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा झाले. मुंबईची तहान प्रामुख्याने या डोंगरांवर पडलेल्या पावसाने भागते. जलवाहिन्या ज्या गावांवरून जातात त्यांतील काही गावे उन्हाळ्यात टँकरवर जगतात, हे विधान अतिशयोक्त वाटेल. पण चैत्रात मोखाड्याला जाऊन ते कोणीही पाहून यावे.

मुंबईवर ठपका ठेवणे सोपे आहे. त्यात वसईकराला एक प्रकारचे समाधानही मिळते. पण सूर्या प्रकल्पाचे काय? डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील शेतीला पाणी मिळावे, दुबार पीक निघावे, म्हणून तो आखला गेला. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे त्या पाण्याचा वाढता हिस्सा वसई-विरार आणि मिरा-भाईंदरकडे वळला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची योजना दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची आहे, आणि २०२३ च्या अखेरीपासून तिचे पाणी वसई-विरारच्या नळांत आले. आजीच्या प्रश्नाचा पत्ता आमच्याच स्वयंपाकघराचा होता.

येथे एक जुनी आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १९९० च्या आगेमागे आपल्या वाड्यांतील विहिरी उपसून टँकर भरभरून पाणी बाहेर जात होते. बावखले आटत होती, विहिरींचे पाणी मचूळ होत होते. त्या वेळी आपण रस्त्यावर उतरलो. सभा झाल्या, मोर्चे निघाले, बायाबापड्या टँकरांसमोर उभ्या राहिल्या. भूमीखालचे पाणी त्या भूमीवर राहणाऱ्यांचे आहे आणि पैसे देऊन ते विकत घेतले तरी नेणाऱ्याचा नैतिक हक्क सिद्ध होत नाही, हे आपण तेव्हा ठणकावून सांगितले होते. हा युक्तिवाद उत्तम होता. तो आज आपल्याविरुद्ध कोणी केला तर आपण काय उत्तर देणार? ''आम्ही पाणीपट्टी भरतो'' हे उत्तर तेव्हा टँकरवालाही देत होता.

इतका जुना इतिहास आजच्या माणसाच्या ताटापर्यंत खरोखर पोहोचतो का, अशी शंका येणे रास्त आहे. या बाबतीत पेरू देशाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १५७३ पासून १८१२ पर्यंत 'मिता' नावाची वेठ होती. ठरावीक प्रदेशांतील गावांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी एकसप्तमांश पोतोसीच्या रुप्याच्या आणि उआंकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींत पाठवायचे. हे एका कॅथलिक राजाच्या नावाने चालले होते, हेही आपण नोंदवून ठेवावे. मेलिसा डेल या अर्थशास्त्रज्ञ महिलेने त्या जुन्या सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची आजची गावे तपासली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार, ज्या बाजूला वेठ होती तेथील कुटुंबांचा उपभोग आजही सुमारे पावपट कमी आहे. वेठ बंद होऊन दोन शतके झाली, तरी त्या बाजूला रस्ते कमी आहेत आणि शेती पोटापुरतीच राहिली आहे. रेघ नकाशावरून पुसली गेली, पण ताटांतून पुसली गेली नाही.

आपल्याकडे तर दोन शतकेही झालेली नाहीत. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या साहाय्याने त्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले. गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले. लाल बावटा म्हटला की आपल्या घरांत अजूनही भुवया उंचावतात. त्या वर्षी या गोळीबाराविषयी आपल्या देवळांत कोणी प्रार्थना केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वेठ मात्र मोडली, आणि ती मोडण्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना द्यायला हवे. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, काहींना जमिनी मिळाल्या. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. पण जंगलाची रेघ तशीच राहिली. तुकड्यातुकड्यांच्या जमिनीवर वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळीनंतर पाडे ओस पडतात. कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीवर जातात. पुष्कळदा मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन जातात आणि ती फिटेपर्यंत राबतात. लग्नगड्याचे नाव गेले, हिशेबाची वही राहिली. वसईतील किती इमारतींच्या विटा त्या हातांनी थापल्या असतील, आणि त्या थापताना आईच्या शेजारी धुळीत बसलेली किती मुले त्या वर्षी शाळेत गेली नसतील!

एक सावधगिरी मात्र येथे बाळगायला हवी. इतिहास हा आजच्या अधिकाऱ्याचा बचाव होता कामा नये. आश्रमशाळेत शिक्षक नसणे, दवाखान्याला डॉक्टर नसणे, रेशनचे धान्य वाटेतच वळणे, यांसाठी १८७८ च्या कायद्याकडे बोट दाखवणे ही लबाडी आहे. त्याचप्रमाणे 'हे सारे इंग्रजांनी केले' एवढ्यावर थांबणे हीदेखील लबाडीच, कारण इंग्रज गेल्यावरही ती रेघ आपल्याच सरकारांनी सांभाळली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र एक मोठी गोष्ट केली: वननिवासी आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्या कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केले. देशाच्या संसदेने कबुली दिली आहे. प्रश्न आपल्या कबुलीचा आहे.

आता मूळ मुद्दा. जे आपण केले नाही त्याचे देणे आपल्याकडे कसे लागते? रेघ आपण आखली नाही, खावटी आपण दिली नाही, धरण आपण बांधले नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करीत होते. मग आपणच का अपराधी?

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. अपराध वेगळा आणि देणे वेगळे. वाडीतल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. समजा, आपल्या आजोबांनी शेजाऱ्याचा बांध हातभर सरकवला. आपल्याला त्याची कल्पना नाही; आपण त्या पट्ट्यात प्रामाणिकपणे माती ओढली, केळी लावली, मुले वाढवली. एक दिवस जुना नकाशा निघतो आणि बांध सरकलेला दिसतो. आपण चोर आहोत का? नाही. तो पट्टा आपला आहे का? नाही. ख्रिस्तसभेच्या जुन्या नीतिशास्त्राने हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. परक्याची वस्तू अजाणता, शुद्ध बुद्धीने बाळगणारा पापी नव्हे, असे ते सांगते. पण वस्तू ज्याची आहे त्याची राहतेच, आणि खरे कळले त्या क्षणापासून धारकाची जबाबदारी सुरू होते. तोवर अज्ञान हे निष्पापपण असते. त्यानंतरचे अज्ञान हे अज्ञान राहत नाही.

अर्थात डोंगराचा हिशेब एका बांधाइतका सोपा नाही. येथे शेजारी एक नाही, पट्टा एक नाही. लाभ लक्षावधी नळांतून, विटांतून, रुळांतून वाटला गेला आहे. सर्वांत मोठे ऋणको म्हणजे मुंबई, शासन आणि ज्यांनी जमिनी गिळल्या ती घराणी. आपला वाटा लहान आहे. पण लहान ऋणकोही ऋणकोच, आणि मोठा फेडीत नाही म्हणून लहानाला माफी आहे असे आम्ही कोठे वाचलेले नाही. त्यातून आपल्याजवळ धरणही आहे आणि नकाशाही. आपण शोधले तर आपल्याला कळते.

लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. उंबराच्या झाडावर चढलेला ठेंगू जकातदार मुलांना फार आवडतो. पण त्याचे बोलणे नीट ऐकले तर त्यात दोन खाती वेगवेगळी दिसतात. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, हे एक खाते. आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत, हे दुसरे. पहिले खाते दानाचे आहे, दुसरे परतफेडीचे. पहिल्यात तो उदार आहे, दुसऱ्यात तो फक्त प्रामाणिक आहे. आपल्या टेम्पोची अडचण ही की दुसऱ्या खात्यातली रक्कम आपण पहिल्या खात्यात जमा करतो, तीही जुन्या कपड्यांच्या रूपाने, आणि वर आभाराची अपेक्षा ठेवतो. दान घेणाऱ्याने रांगेत उभे राहायचे असते. आपले देणे घ्यायला आलेला माणूस रांगेत उभा राहत नाही, तो ओटीवर बसतो. त्या आजीने रांगेत उभे राहून सदरा घेतला. पाण्याविषयी मात्र तिने धनिणीसारखी चौकशी केली. दोन्ही खाती तिला ठाऊक होती, आम्हांला एकच.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा चालत आला. त्यात आदिवासी बहुसंख्य होते आणि वनहक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. १८० किलोमीटर चालून त्यांचे पाय सोलवटले होते. मुंबईत शिरल्यावर, दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, वाहतूक अडली तर मुलांचा खोळंबा होईल, म्हणून विश्रांती सोडून ते मध्यरात्रीच पुन्हा उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. त्यांच्या मुलांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या शहराने त्यांचे पाणी घेतले त्या शहराच्या मुलांची झोप त्यांनी सांभाळली. आळशी, दारुडे, अडाणी हे शब्द आमच्या तोंडून निघेनासे झाले, ते त्या रात्रीची वृत्ते वाचल्यापासून. तरी पुरते गेले नव्हते, ते त्या पाड्यावर गेले.

ईस्टरनंतर आमच्या धर्मग्रामाच्या सभेत आम्ही हा विषय मांडला. कपड्यांचा टेम्पो बंद करा, असे आमचे म्हणणे नव्हते. थंडीत पांघरूण लागतेच, फक्त ते नवे असावे, इतकेच. त्यापुढे जाऊन काही सुचवले. वनहक्काचे दावे कागदपत्रांअभावी अडतात आणि आपल्या धर्मग्रामात तलाठी कार्यालयात आणि न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. घर बांधणाऱ्याने कंत्राटदाराला विचारावे की विटा कोणत्या भट्टीच्या आणि तेथल्या मजुराची उचल फिटली का. आणि महापालिकेकडे जादा पाण्याची मागणी करणारे जे निवेदन आपण पाठवणार आहोत, त्यातच असेही लिहावे की ज्या पाड्यांवरून जलवाहिनी येते त्यांना आधी नळ मिळावेत.

पहिल्या सूचनेला चार माणसे लगेच मिळाली. त्यांपैकी दोघे आतापर्यंत तीन वेळा जाऊन आले. एका विधवेचा दावा मोजणीत अर्ध्याहून कमी भरला आहे आणि त्यावर अपील करायचे आहे. दुसऱ्या सूचनेवर हशा झाला. आता कंत्राटदार आमच्या प्रश्नाला उत्तर देणार का, म्हणून. तो हशा आम्हांलाही थोडा पटला. तिसऱ्या सूचनेवर मात्र सभा गंभीर झाली. मागच्या बाकावरून एक वयोवृद्ध काका उठले. टँकरविरोधी मोर्चात ते पुढे होते. त्यांच्या वाडीतली विहीर खारी होऊन वीस वर्षे झाली, बावखल बुजवून तेथे इमारत उभी आहे, आणि आता नळाखेरीज त्यांच्या घरात पाण्याचा थेंब नाही. ते म्हणाले, ''लिहा तुम्ही. लिहायलाच पाहिजे. पण उद्या त्यांनी खरेच त्यांना आधी दिले आणि आमचे एक दिवसाआड केले, तर माझ्या घरी तुम्ही कोण येणार पाणी घेऊन?''

उत्तर कोणाजवळ नव्हते. काकांचा प्रश्न स्वार्थाचा नव्हता. त्यांचेही पाणी कोणीतरी आधी नेलेले होते. धर्मगुरूंनी तो विषय पुढील सभेवर ठेवला. निवेदनाचा मसुदा आमच्याकडे आहे. ते वाक्य त्यात आहे, पेन्सिलीने लिहिलेले.